१९६८ ची पॉन्टियॅक जीटीओ घरच्या गॅरेजात: आधी पाण्याची वाट, मग पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी

ट्रॉयकर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात ओहायोतल्या एका शेतावरच्या कोठारातून १९६८ ची पॉन्टियॅक जीटीओ ही अमेरिकन 'मसल कार' आणली. दोन दारांची हार्डटॉप, ४०० घनइंचांचं म्हणजे साधारण साडेसहा लिटरचं व्ही-८ इंजिन, टर्बो-हायड्रामॅटिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मूळ रंग व्हर्डोरो ग्रीन. गाडी चालू नाही. इंजिन हाताने फिरतं, पण कित्येक वर्षं पेटलेलं नाही. मागच्या काचेखाली गंज आहे आणि डिकीच्या तळातून जमीन दिसते. तरी हीच घेतली, कारण गाडी पूर्ण आहे. दिव्यांच्या कड्यांपासून ॲशट्रेपर्यंत सगळं जागेवर आहे आणि तिच्यावर कुणी लांबी (पुट्टी) भरून रंग फासलेला नाही.

याआधी एक लाल, आरशासारखी चकचकीत गाडी पाहिली होती. मागच्या चाकाच्या कमानीवर चुंबक लावलं तर चिकटेना. म्हणजे तिथे पत्रा उरलाच नव्हता, नुसती लांबी होती. वरून टवटवीत वांगं आणि आत कीड, तसला प्रकार. अशी गाडी घेतली की आधी रंगाचे पैसे द्यायचे आणि मग तोच रंग खरवडायचे.

घेण्याआधी कागद पाहिले, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हे पॉन्टियॅकच्याच टेम्पेस्ट लमॅन्स या साध्या गाडीवर मिळणारं जास्तीचं पॅकेज होतं. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाडीच्या कारखान्यातल्या ओळख-नंबरावरून (नंबरप्लेटवरचा नव्हे) ती जन्मतः जीटीओ होती की नाही ते कळत नाही. १९६६ पासून जीटीओची स्वतंत्र मालिका झाली आणि नंबर २४२ ने सुरू व्हायला लागला. १९६८ च्या गाडीत हा नंबर डॅशवर, पुढच्या काचेतून दिसतो. माझ्या गाडीचा २४२३७८पी असा सुरू होतो. २४२ म्हणजे जीटीओ, ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, ८ म्हणजे १९६८ आणि पी म्हणजे मिशिगनमधल्या पॉन्टियॅक शहरातला कारखाना. ते शहर माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत आहे. हे वाचलं आणि सौदा तिथेच ठरला. इंजिनाच्या ब्लॉकवर उजव्या बाजूला पुढे, हेडच्या खाली, दोन अक्षरी कोड असतो. माझ्याकडे वायएस आहे, म्हणजे ३५० अश्वशक्तीचं, ऑटोमॅटिकला जोडलेलं इंजिन. हेडवर १६ हा आकडा ओतलेला आहे, तोही वर्षाशी जुळतो. पॉन्टियॅकचे जुने कारखाना-कागद पीएचएस नावाच्या सेवेकडून मागवता येतात. ते आले की गाडी कोणत्या रंगात, कोणत्या जोडण्यांसह बाहेर पडली ते समोर दिसतं. लमॅन्सला जीटीओचे बिल्ले लावून विकणारे बरेच आहेत, म्हणून पैसे देण्याआधी हे करा.

हा धागा काढण्यामागे एक ठाम मत आहे. बहुतेक हौशी मंडळी इंजिनापासून सुरुवात करतात. इंजिन पेटलं की बरं वाटतं, शेजारी बघायला येतात. मी उलट जाणार आहे. या गाड्या इंजिनामुळे मरत नाहीत, पाण्यामुळे मरतात. पाणी कुठून शिरलं, कुठे साचलं आणि कुठून बाहेर पडायला हवं होतं, हे शोधल्याशिवाय मी एकही नवा पत्रा लावणार नाही.

उद्यमनगर_कोल्हापूर

मस्त धागा! आमचं मशीन शॉप आहे. ट्रक, ट्रॅक्टरची इंजिनं येतात, त्यामुळे साडेसहा लिटर वाचून घरचं वाटलं, फक्त हे पेट्रोलवर चालतं. एक विनंती. इंजिन शेवटी करा, पण आत्ताच त्याची सोय लावा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा आणि आठवड्यातून एकदा हाताने, लांब पान्याने, क्रँक फिरवा. स्टार्टर अजिबात मारू नका. रिंगा कोरड्या भिंतीवर घासल्या की चांगलं बोअर वाया जातं. कार्ब्युरेटरचं तोंड आणि सायलेन्सरचा पाइप बंद करा, उंदीर घर करतात.

सज्जनगड

मला गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण वाचायला आवडतंय. 'मसल कार' नेमकी कशाला म्हणायची? मस्टँगसुद्धा त्यातच येते ना?

ट्रॉयकर

@उद्यमनगर, तेल आजच सोडलं. धन्यवाद.

@सज्जनगड, यावर इथे तासन्‌तास वाद चालतात. मला पटणारी व्याख्या अशी: मधल्या आकाराची, साधी, कौटुंबिक गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन. त्या काळी पॉन्टियॅकची मालक जनरल मोटर्स, तिचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन नेहमीच्या मॉडेलला द्यायचं नाही. पॉन्टियॅकमध्ये जॉन डीलोरियन मुख्य अभियंता होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली: नवं मॉडेल काढायचं नाही, लमॅन्सवर पर्याय म्हणून ३८९ घनइंचांचं इंजिन द्यायचं. २९५ डॉलरचं ते पॅकेज. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या खपल्या आणि मग शेव्हर्ले, डॉज, प्लिमथ, फोर्ड सगळेच त्या वाटेने गेले. फोर्डची मस्टँग त्याच वर्षी, १७ एप्रिल १९६४ ला आली, पण ती आकाराने लहान. तिला आणि शेव्हर्लेच्या कमॅरोला इथे 'पोनी कार' म्हणतात. मोठं इंजिन घातलेल्या मस्टँगला मसल कार म्हटलं तर मी तरी भांडणार नाही.

हा काळ फार थोडा टिकला. १९७१ मध्ये जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी सगळ्या इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम आले, १९७३ मध्ये तेलसंकट आलं. म्हणून १९६४ ते १९७१ या सात-आठ वर्षांच्या गाड्यांना आज इतका मान आहे.

क्लीव्हलंडचा_मिलिंद

ट्रॉयकर, गाडी सुंदर आहे, पण एक वेगळा विचार मांडतो. मी १९७० च्या शेव्हर्ले शेवेलमध्ये शेव्हर्लेचं आधुनिक एलएस इंजिन, ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक बसवले. थंडीत एका किल्लीत सुरू होते, हायवेवर इंजिन शांत असतं, पेट्रोल कमी लागतं, आणि मुलांना घेऊन लांब जाता येतं. जुनं इंजिन, जुना कार्ब्युरेटर, ड्रम ब्रेक हे सगळं जपून शेवटी गाडी गॅरेजातच उभी राहते. गाडी चालवायची असेल तर आतून नवी करा, बाहेरून जुनी ठेवा.

ट्रॉयकर

मिलिंद, तुमच्या शेवेलबद्दल आदर आहे आणि ब्रेकच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत. त्या वर्षी पुढचे डिस्क जास्तीचे पैसे देऊन मिळायचे. त्याच पद्धतीचे पुढचे डिस्क मी बसवणार आहे. १९६७ पासून ब्रेकचं मास्टर सिलिंडर दोन स्वतंत्र कप्प्यांचं झालं, त्यामुळे एक लाइन फुटली तरी दुसरी चालते. हा मोठा दिलासा आहे.

पण इंजिन बदलणार नाही. ज्या ब्लॉकवर याच गाडीच्या नंबराचा तुकडा ठोकलेला आहे, तो ब्लॉक आणि ही गाडी एकत्र राहणं मला महत्त्वाचं वाटतं. शेव्हर्लेचं नवं इंजिन पॉन्टियॅकच्या बॉनेटखाली गेलं की पॉन्टियॅकच्या लोकांनी स्वतः आखलेलं, स्वतः ओतलेलं इंजिन बाहेर पडतं. ती कंपनी आता नाही. जनरल मोटर्सने २००९ मध्ये पॉन्टियॅक बंद करायचं जाहीर केलं. जे उरलंय ते जपायचं, एवढीच माझी भूमिका आहे. नंबर न जुळणारी किंवा मूळ इंजिन हरवलेली गाडी असती तर तुमचा मार्ग मी आनंदाने धरला असता.

क्लीव्हलंडचा_मिलिंद

मूळ इंजिन असेल तर मान्य. माझ्या शेवेलचं आधीच गेलेलं होतं. पत्र्याचे फोटो टाका.

ट्रॉयकर

पत्र्याचा वृत्तान्त. थंडी सुरू झाल्यावर आतलं सगळं काढलं: सीटा, कारपेट, मागचं शेल्फ, दारांची पॅनेलं. प्रत्येक खिळा-स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागा लिहून, आणि काढण्याआधी फोटो. हे कंटाळवाणं काम आहे, पण जोडताना हेच वाचवतं. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधली.

मग पाण्याची वाट शोधली. अंधार केला, एकाने डिकीत बसून टॉर्च धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून मागच्या काचेवर बारीक धारेने पाणी सोडायचं. माझा मुलगा डिकीत बसला. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून पाणी सरळ आत आलं.

या गाड्यांमध्ये मागच्या काचेभोवती चकचकीत स्टीलची पट्टी असते. ती पत्र्याला वेल्ड केलेल्या छोट्या खुंट्यांवर क्लिपने बसते. पट्टीखाली पाण्याला जायला नीट वाट नाही. पाला, धूळ अडकते, ओल धरून ठेवते, खुंटीच्या बुडाशी रंग फुगतो आणि तिथून गंज सुरू होतो. काचेभोवतीच्या पन्हळीला भोक पडलं की पाणी मागच्या शेल्फवर, तिथून डिकीच्या तळाला, तिथून दोन्ही बाजूंच्या खोल कप्प्यांत. कप्पे भरले की मागच्या पंखांच्या (मागच्या चाकांवरच्या पत्र्यांच्या) खालच्या कडा आतून कुजतात. आणि शेवटी चाकामागे फ्रेमचा भाग, कारण फ्रेमच्या पोकळीत माती साचलेली असते आणि इथल्या रस्त्यांवरचं मीठ त्यात मिसळतं. म्हणजे तुम्हाला बाहेरून पंखाखाली बोटभर भोक दिसतं, पण त्याचं मूळ काचेपाशी, बरंच वर असतं. नुसता पंख बदलला तर काही वर्षांत नवा पंखही जाणार.

पुढेही तसंच. वायपरखालच्या जाळीतून पानं आत पडतात आणि काउलमध्ये, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पोकळीत, कुजतात, पाणी पाय ठेवायच्या जागी उतरतं. ती पोकळी हाताने, मग व्हॅक्यूमने साफ केली. आत मूठ-मूठ काळी माती झालेली पानं होती.

नवे पत्रे मिळतात: तळ, डिकी, पंख, काचेची पन्हळ, सगळं. पण छापील पत्रा मूळ पत्र्याइतका बिनचूक नसतो. म्हणून माझा नियम: वेल्ड करण्याआधी तो भाग स्क्रूने जागेवर बसवायचा, मग काच ठेवून, डिकीचं झाकण लावून, दारं मिटून सगळ्या फटी बघायच्या. पटलं तरच टाके. मोठा पत्रा कापण्याआधी दारांच्या चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरके टेकू वेल्ड केले, नाहीतर तळ कापल्यावर बॉडी वाकते आणि दार पुन्हा कधीच नीट मिटत नाही.

भटकी_अभियंता

वेल्डिंग तुम्ही स्वतः करताय? कुठे शिकलात? मला पुण्यात वडिलांची पद्मिनी करायची आहे. आमच्या गल्लीतले डेंटर गॅस वेल्डिंगच करतात.

ट्रॉयकर

स्वतःच करतोय. इथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वर्ग केला आणि मग भंगारातल्या पत्र्यावर भरपूर सराव केला. मिग वेल्डर, बारीक तार, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा गॅस. पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मग परत मध्ये. हात लावून बघायचं, कोमट असेल तरच पुढचा. घाई केली की पत्रा तापून फुगतो. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला भोक पाडून त्यातून खालच्या पत्र्याला टाका भरायचा. दोन पत्र्यांच्या मध्ये वेल्ड करता येईल असा जस्ताचा प्रायमर लावायचा, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

पद्मिनीसाठी गॅस वेल्डिंग चालेल, चांगला डेंटर गॅसवरही सुंदर काम करतो. फक्त पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. टाकीला स्वतः कधीही वेल्डिंग करू नका.

कुर्लेकर

हा धागा पोराने दाखवला. माझे वडील कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार करून तिथे डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला सुरुवात केली, ती पहिली गाडी १९४७ ची. त्या मोठ्या अमेरिकन गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणूनही खूप चालल्या. मी स्वतः पंचवीस-एक वर्षं बॉडीचं काम केलं.

छतावरून मागच्या पंखाकडे येताना खांबापाशी जो जोड असतो, तो तुमच्या गाडीत शिशाने भरलेला असणार. जुन्या अमेरिकन बॉडीत तसाच असतो. तो रंग जाळायच्या टॉर्चने तापवू नका, शिसं खाली ओघळेल. आम्ही शिसं भरायचो तेव्हा आधी पत्र्याला कल्हई लावायचो, मग शिशाची कांडी मऊ होईपर्यंत तापवायची आणि लाकडी फळीने पसरायची. फळी चरबीत किंवा मेणात बुडवून घ्यायची, म्हणजे शिसं तिला चिकटत नाही. हात हलका पाहिजे. आच जरा जास्त झाली की सगळं जमिनीवर. थंड झालं की कानशीने घासायचं, ग्राइंडर लावायचा नाही. ग्राइंडरने शिशाची धूळ हवेत उडते. आमच्या वेळी कुणी तोंडाला फडकं बांधायचं नाही. तुम्ही मास्क घाला, आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा.

जोड चांगला असेल तर त्याला हात लावू नका. जवळजवळ साठ वर्षं टिकलेलं काम आहे.

ट्रॉयकर

काका, तुमचा प्रतिसाद छापून गॅरेजात लावला आहे. डावीकडचा जोड एकदम खणखणीत निघाला, तो तसाच ठेवतो. उजवीकडे कडेला थोडी चीर आहे. तेवढ्यापुरतंच शिसं करायचा विचार आहे, शिसं आणि लाकडी फळ्या इथे मिळतात.

कुर्लेकर

चीर असेल तर आधी आतून बघा, खालचा स्पॉट वेल्ड सुटला असेल. तो धरल्याशिवाय वरून भरलं तर परत चिरणार. आणि शिशावर ॲसिड फ्लक्स राहिला तर रंग फुगतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, आणि लगेच कोरडं करा.

नीलांबरी

मी औद्योगिक रंगांच्या क्षेत्रात काम करते, म्हणून रंगाचं काम सुरू व्हायच्या आधीच लिहिते. उघडा पत्रा साफ झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. लांबी थेट पत्र्यावर न लावता इपॉक्सीवर लावा. लांबी ओल शोषते, आणि खाली इपॉक्सी असेल तर ती पत्र्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या 'आधी पाणी' या मुद्द्याला हे धरूनच आहे.

आता महत्त्वाचं. दोन भागांच्या युरेथेन प्रायमर, रंग आणि क्लिअरमध्ये हार्डनर म्हणून आयसोसायनेट असतात. त्यांनी दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. त्यांना वास जवळजवळ नसतो, त्यामुळे मास्कची काडतुसं संपली की कळत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क, पूर्ण अंगाचा सूट आणि हातमोजे, याला पर्याय नाही. घराला जोडलेल्या गॅरेजात हे फवारणं मला अजिबात मान्य नाही. वाफ घरात जाते आणि बऱ्याच अमेरिकन घरांत गॅरेजातच गॅसचा वॉटर हीटर असतो. त्याची ज्योत आणि थिनरची वाफ एकत्र आली तर काय होईल ते सांगायला नको.

तयारी घरी करा. शेवटचा रंग बूथमध्ये मारा, भाड्याने मिळतात.

ट्रॉयकर

नीलांबरी, खूप आभार. तुमचं ऐकून ठरवलं: घासकाम, लांबी, इपॉक्सी हाताने, ब्रशने आणि रोलरने जिथे जमेल तिथे घरी. युरेथेन आणि रंग बूथमध्ये.

१९६८ च्या गाडीला कारखान्यात ॲक्रिलिक लॅकर होता. आता तो रंग शोधत बसण्यात अर्थ नाही. व्हर्डोरो ग्रीनची छटा जुळवण्यासाठी डिकीच्या झाकणाच्या आतला, उन्हात न आलेला तुकडा पॉलिश करून दिला आहे. गडद हिरवा, त्यात बारीक धातूची चमक, सावलीत काळपट आणि उन्हात मोरपंखी. या रंगासाठीच मी बाकीचं सगळं करतोय म्हटलं तरी चालेल.

एक अडचण: पुढचं बंपर. १९६८ च्या जीटीओला सहसा पुढे क्रोमचं बंपर नसतं. स्टीलवर रबरासारखं मऊ युरेथेन चढवून ते बॉडीच्याच रंगात रंगवलेलं असतं, 'एन्ड्युरा' म्हणतात त्याला. त्याच्यावर साधा रंग तडकतो ना?

नीलांबरी

हो, तडकतो. त्यावरच्या थरात लवचिकता देणारा घटक मिसळावा लागतो. आणि जुने रंग पूर्ण उतरवा, पण पेंट रिमूव्हर अजिबात नको, तो युरेथेनही खाईल. धीराने घासून काढा. बंपर गाडीवर लावून, त्याच दिवशी, त्याच डब्यातल्या रंगाने मारा. वेगळा मारलात तर मेटॅलिक रंगाची छटा शेजारच्या फेंडरशी जुळणार नाही.

उद्यमनगर_कोल्हापूर

पत्रा झाला, रंग ठरला. आता आमच्या इंजिनाकडे वळायला हरकत नाही ना?

ट्रॉयकर

आता तेच. बॉडी इपॉक्सीत आहे, पाण्याची चाचणी पुन्हा केली, डिकी कोरडी ठणठणीत. इंजिन उघडलं.

चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवल्यावर तळाच्या गाळात पांढरट-पिवळे प्लास्टिकचे तुकडे मिळाले. पॉन्टियॅकने आवाज कमी व्हावा म्हणून कॅमच्या टायमिंग गिअरच्या दातांवर नायलॉन चढवलं होतं. वय झालं की ते तडकून चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. इंजिन सरळ पेटवायचा मोह आवरला याचं समाधान त्या तुकड्यांकडे बघून वाटलं. चेन उडी मारून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले असते किंवा तेलाचा दाब गेला असता. आता पूर्ण स्टीलची जोडी बसेल.

बोअरला वरच्या बाजूला कड जाणवते. मशीन शॉपने ०.०३० इंच वाढवायला सांगितलं आहे, म्हणजे ४.१२ चं ४.१५ इंच. कॉम्प्रेशनचं काय करू? मूळ १०.७५ ला १ आहे आणि पंपावर जास्तीत जास्त ९३ ऑक्टेन मिळतं. ओतीव लोखंडाच्या हेडला हे जड जाईल ना?

उद्यमनगर_कोल्हापूर

जड जाईल. त्या काळच्या उंच ऑक्टेनच्या, शिसं घातलेल्या पेट्रोलसाठी ते कॉम्प्रेशन होतं. आजच्या पेट्रोलवर लोडखाली ठोका येणार आणि पिस्टनच्या कडा जाणार. हेड मूळ ठेवायचे असतील तर वरून खोलगट असलेले फोर्ज्ड पिस्टन घ्या आणि साडेनऊच्या आत आणा. बाहेरून काहीच दिसणार नाही. हेड कापून त्यातले ज्वलनाचे कप्पे मोठे करायला जाऊ नका, ते १६ नंबरचे हेड परत मिळायचे नाहीत.

बोअर करताना शॉपला नवे पिस्टन हातात द्या. पिस्टन मोजून मग बोअर, उलट नाही. होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट लावतात का विचारा. हेड आवळल्यावर भिंती किंचित हलतात, प्लेट लावून होन केलं की गोलाई खरी येते. एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवा, बिनशिशाच्या पेट्रोलवर मऊ सीट झिजते.

मागचं क्रँकचं सील दोरीचं असेल. ते गळणारच, आताच्या चांगल्या साहित्याचं सील घ्या. आणि पाण्याच्या पंपामागे जी विभाजक पत्र्याची प्लेट असते ती फेकू नका. पंखा आणि प्लेट यांच्यात फट कमी पाहिजे. पॉन्टियॅक तापतं अशी तक्रार असते, त्यात बरेचदा दोष त्या फटीचा असतो. प्लेट हलकेच ठोकून पंख्याजवळ आणा, फक्त घासली नाही पाहिजे.

कॅम सपाट टॅपेटचा आहे, बरोबर? मग पहिला स्टार्ट नीट करा. कॅमवर आणि टॅपेटच्या बुडाला घट्ट असेम्ब्ली ल्यूब, जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं ब्रेक-इन तेल. ऑइल पंप ड्रिलने फिरवून रॉकरपर्यंत तेल आलेलं डोळ्यांनी बघा. डिस्ट्रिब्युटर बसवताना फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. सुरू झालं की सरळ २,००० ते २,५०० आरपीएम, वर-खाली करत वीस-तीस मिनिटं. आयडलवर सोडू नका. कॅमला तेल क्रँकच्या उडण्यातून मिळतं, हळू चाललं की पहिल्या काही मिनिटांत लोब घासून जातो.

क्लीव्हलंडचा_मिलिंद

उद्यमनगर, हे सगळं एका जागी लिहिल्याबद्दल सलाम. ट्रॉयकर, वीस मिनिटं जास्त आरपीएमवर ठेवायचं म्हणजे कार्ब्युरेटर आणि पाणी दोन्ही आधी तयार पाहिजेत. तुमच्याकडे क्वाड्राजेट असणार. खालच्या बाजूला सेकंडरी विहिरींचे प्लग असतात, ते झिरपतात. गाडी दोन दिवस उभी राहिली की कार्ब्युरेटर रिकामा होतो आणि लोक पंपाला दोष देतात. ओव्हरहॉल करताना ते प्लग इपॉक्सीने बंद करा. मी आलो तर चालेल का? रेडिएटरवर पाण्याचा पाइप धरायला माणूस लागेलच.

ट्रॉयकर

मिलिंद, नक्की या. अडीच-तीन तासांचा रस्ता आहे, जेवायलाच या.

भटकी_अभियंता

खर्चाचा अंदाज देता का? आणि रजिस्ट्रेशनचं काय?

ट्रॉयकर

आकडा प्रत्येकाचा वेगळा येईल, पण एक खरं सांगतो: तयार, चांगली जीटीओ विकत घेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. सगळ्यात जास्त पैसे मशीन शॉप, रंग आणि क्रोम या तीन ठिकाणी जातात, आणि तिथे हात आखडता घेऊ नये. पत्र्याचं काम स्वतः केलं म्हणूनच मला हे परवडतंय. पैसे वसूल करायचे म्हणून कुणी यात पडू नये.

मिशिगनमध्ये २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते. स्वस्त असते, पण गाडी संमेलनं, मिरवणुका, क्लबचे कार्यक्रम अशा कामांपुरतीच चालवता येते. उन्हाळ्यात काही काळ मात्र मोकळीक असते. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असतो, १९९५ पासून. फर्नडेलपासून पॉन्टियॅकपर्यंत रस्ता जुन्या गाड्यांनी भरतो. ज्या रस्त्यावर साठच्या दशकात पोरं या गाड्या सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पळवायची, तोच हा रस्ता.

सज्जनगड

ड्रीम क्रूझचे फोटो हवेतच. आणि मुलगा अजून मदत करतो का?

ट्रॉयकर

करतो. वायरिंगच्या चिठ्ठ्या आता त्याच्याच अक्षरात आहेत.

@उद्यमनगर, पिस्टन आले, शॉपला मोजायला दिले. टॉर्क प्लेट त्यांच्याकडे आहे. पाण्याच्या पंपाची प्लेट ठोकून फट कमी केली, हाताने फिरवली तर घासत नाही. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे नवे घातले, कारण जुने आतून मऊ होऊन चिकट झाले होते. आता हेड बसवायचे आहेत. पुस्तकात बोल्टला ९५ फूट-पाउंड दिलंय. तीन टप्प्यांत आवळू का? आणि एखादा बोल्ट पाण्याच्या पोकळीत जात असेल तर त्याच्या आट्यांना सीलंट लावायचं ना?

उद्यमनगर_कोल्हापूर

तीन टप्प्यांतच. मधल्या बोल्टपासून बाहेर, आडवे-तिरके, पुस्तकातल्या क्रमाने. आटे आधी टॅप फिरवून साफ करा आणि भोकात तेल किंवा पाणी साचलेलं नाही ना ते हवेने उडवून बघा, नाहीतर टॉर्क खोटा येतो. एखादा बोल्ट पाण्यात जात असेल तरच त्याला सीलंट, बाकीच्यांच्या आट्यांना आणि डोक्याखाली थेंबभर तेल. गॅस्केट जे घ्याल त्याच्या पाकिटावरची सूचना वाचा, काही गॅस्केटना गरम झाल्यावर परत आवळावं लागतं, काहींना नाही. स्टार्टच्या दिवशी व्हिडिओ टाका, इकडे शॉपमधली सगळी पोरं वाट बघतायत.